अडतीस ठोके

बाईंचा अंगठा मी आधी पाहिला, चेहरा नंतर. बदली होऊन चौकशी कचेरीच्या दप्तरखान्यात रुजू झाले त्या सकाळी त्या लिफ्टची वाट पाहत उभ्या होत्या आणि उजवा अंगठा पर्सवर एका लयीत आपटत होत्या. नख जाड, पिवळट, मधोमध चपटं झालेलं. कचेरीत त्यांना मागून सगळे ‘अंगठाबहाद्दर’ म्हणत. एकतीस वर्षं टाइपरायटरवर काढलेल्या, एकही जोडाक्षर न चुकणाऱ्या बाईला अंगठाबहाद्दर म्हणायचं, यात तिथल्या पुरुषांना कोण मोठा विनोद वाटे! बाई हसत नसत आणि चिडतही नसत.

आमचं काम आधी सांगते. कारखान्यात, गोदामात, खाणीत माणूस दगावला की आमची कचेरी चौकशी करायची. साहेब प्रश्न विचारायचे, साक्षीदार खुर्चीत बसून उत्तरं द्यायचा आणि बाई समोर बसून ती जशीच्या तशी टाइप करायच्या. असे तीस वर्षांचे जबाब कपाटांत कोंबलेले होते. ते मी संगणकावर उतरवायचे, मूळ कागदाशी ताडून बघायचे, नक्कल बरोबर असल्याची सही करायची आणि मूळ कागद लगदा करायला पाठवून द्यायचे. ताडायला जोडीदार लागतो. मला बाई मिळाल्या, कारण त्यांच्या निवृत्तीला दोनच महिने उरले होते आणि त्यांना दुसरं काम द्यायचं कोणाच्या मनात नव्हतं.

आता माझ्याबद्दल. मी खडूस आहे. नवरा म्हणतो, मुलं म्हणतात, आणि ते खरं आहे. त्यातही रिकाम्या जागेच्या बाबतीत माझं डोकं फार लवकर फिरतं. विरामचिन्हाच्या आधी जागा सोडायची नाही. नंतर सोडायची, एकच. स्वल्पविराम हा आधीच्या शब्दाच्या घरचा माणूस. त्याने पुढच्याच्या ओसरीवर जाऊन बसू नये. कंसाच्या आत शब्द कंसाला खेटून हवा, अवतरणचिन्हांचंही तेच. दुकानाच्या पाटीवर शब्दापासून फटकून उभं असलेलं उद्गारचिन्ह दिसलं की मी भर रस्त्यात थांबते, आणि मुलं मला ओढत नेतात.

अशा माझ्या हातात बाईंचे जबाब आले. पानापानाला खड्डे! पूर्णविराम शब्दापासून चार घरं लांब, स्वल्पविराम सात घरं लांब. एके ठिकाणी प्रश्नचिन्ह पार पुढच्या ओळीत. बाईंनी टाइप केलेली पत्रं, अहवाल, टिपणं मी मुद्दाम काढून पाहिली. ती नियमात चोख होती. फक्त जबाब असे.

“बाई, हे काय? उंदीर लागले होते का कागदांना?”

“मोज,” बाई म्हणाल्या.

“काय मोजू?”

“जागा मोज. माणूस जेवढा वेळ गप्प बसला, तेवढे ठोके मी जागा सोडायच्या पट्टीवर मारलेत. तो बोलला की मी थांबायचे.” अंगठा त्यांनी टेबलावर दोनदा टेकवून दाखवला. “जबाब जसाच्या तसा घ्यायचा, असा हुकूम होता. मग गप्प बसणंही त्याचंच ना? ते मी कशाला खाऊ?”

“आणि साहेबांनी चालवून घेतलं?”

“साहेब शब्द वाचतात गं. रिकामं कोण वाचतंय?”

मी म्हटलं, नक्कल नियमाने होईल. बाई म्हणाल्या, “कर तुझ्या नियमाने.” आणि मी सगळे खड्डे बुजवत सुटले.

ताडायची रीत अशी, की एकीने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, चिन्हांसकट: ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’, ‘कंस सुरू’. दुसरीने पडद्यावर नजर ठेवायची. वाचायच्या बाई. शब्द त्या सपाट आवाजात वाचत, पण खड्डा आला की थांबत आणि जेवढ्या जागा तेवढे ठोके अंगठ्याने टेबलावर मारत. चार, सात, अकरा. मग ‘पूर्णविराम’.

दप्तरखान्याला एकच उंच खिडकी होती, धुरकट काचेची. चौकशीची जुनी खोली मोडली तेव्हा तिथलं सामान इथे आणून टाकलेलं. त्यात साक्षीदाराची वेताची खुर्चीही होती, हातांवर घामाने काळी पडलेली. बाई शब्द वाचत असताना ती गप्प असे. बाई थांबून ठोके मारू लागल्या, की ती कुरकुरे. फार नाही; बसलेला माणूस अंग सावरतो तेवढीच. वेत जुना आहे, हवेने वाजतो, असं मी दोन दिवस स्वतःला बजावलं. तिसऱ्या दिवशी खुर्ची उचलून लांबच्या कोपऱ्यात ठेवली. ती तिथूनही वाजली, आणि फक्त खड्ड्यांमध्येच वाजली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी त्या दिवसापासून मी तिच्याकडे पाठ करून बसायचं बंद केलं.

वाईट म्हणजे सवय मलाही लागली. घरी कोणी बोलायचं थांबलं की माझा अंगठा हलू लागे. “उशीर का झाला?” याचं उत्तर द्यायला माझा नवरा सहा ठोके घेतो, हे लग्नाच्या चौदा वर्षांत मला कळलं नव्हतं. ते कळून माझं काही भलं झालं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एक शिक्षिका अर्ज घेऊन आली. तिशीच्या आतबाहेरची, इस्त्रीची साडी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक जुना अहवाल. तिचे वडील थंड गोदामात हमाल होते. सव्वीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी गोदामाचं दार लागलं आणि ते आत राहिले. सकाळी दार उघडलं तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला बसलेले सापडले.

“अहवालात लिहिलंय, माल चोरायच्या हेतूने आत लपून राहिला,” ती म्हणाली. “मी चार वर्षांची होते. शाळेत मुलं मला चोराची मुलगी म्हणायची. आई तेच ऐकत गेली. आता ज्या जबाबावरून हे लिहिलं, तो मला वाचायचाय. बाकी काही मागत नाही.”

मी तिला सोमवारी नक्कल देते म्हणून सांगितलं. ती गेल्यावर मागे वळले, तर बाई कपाटाला टेकून उभ्या होत्या. पर्स नव्हती, टेबल नव्हतं. अंगठा स्वतःच्याच बरगडीवर चालला होता.

शनिवारी दुपारी आम्ही तो जबाब ताडायला घेतला. जबाब गोदामाच्या दारावर नेमलेल्या माणसाचा होता, जेमतेम दीड पान. बाई वाचू लागल्या. नाव, वय, हुद्दा. आवाज नेहमीचा नव्हता. शब्द ओठांवर येऊन अडखळत होते.

“दार लावण्यापूर्वी आत कोणी आहे का, स्वल्पविराम, हे तुम्ही पाहिलं होतं का, प्रश्नचिन्ह. हो, स्वल्पविराम, पाहिलं होतं...”

आणि ठोके सुरू झाले. मी कागदाकडे पाहिलं. ‘होतं’पासून पुढे ओळ सबंध कोरी होती आणि पूर्णविराम एकटाच उजव्या कडेला, समासाला टेकून बसला होता. बाई मारत होत्या, मी मोजत होते. दहा. वीस. खुर्ची कुरकुरली नाही. तीस. कधी नव्हे ती खोली एवढी गप्प झाली, की दिव्याच्या नळीची गुणगुण ऐकू येऊ लागली. छत्तीस, सदतीस, अडतीस. बाईंनी अंगठा उचलला.

आणि एकोणचाळिसावा ठोका पडला.

बाईंचा अंगठा हवेत होता. माझे दोन्ही हात कळफलकावर होते. ठोका कोपऱ्यातून आला, लाकडावर बोटाचं पेर आपटावं तसा. आम्ही दोघींनी तिकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

“पूर्णविराम,” बाई पुटपुटल्या. मग कागद उलटा ठेवून म्हणाल्या, “हा दारावरचा माणूस माझा भाऊ. धाकटा.”

बाईच बोलत राहिल्या. लग्नानंतर आडनाव बदललं होतं, साहेब नवे होते, नातं कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. भाऊ समोरच्या खुर्चीत बसला. ‘पाहिलं होतं’ म्हणाला आणि गप्प झाला. त्याच्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं की काहीतरी दडतंय.

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? भाऊ खोटं बोलतोय म्हणू? आईने जाताना त्याचा हात माझ्या हातात दिला होता. म्हटलं, मी खोटं टाइप करणार नाही, एवढं तरी माझ्या हातात आहे. अडतीस ठोके मारले. वाटलं, एवढी मोठी कोरी ओळ पाहून कोणीतरी विचारेलच. चौकशीत नाही तर वर, नाही तर पुढे कधीतरी.” त्यांनी उलट्या कागदावरून हात फिरवला. “सव्वीस वर्षं कोणी विचारलं नाही. तू ही ओळ बुजवू नकोस. एवढी एकच सोड.”

मी चिडले. भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जुना रोग. “बाई, तुमची ओळ मी सोडीन हो! पण त्या मुलीला काय कळणार त्यातून? कोरी जागा वाचून कोणी ‘चोर’ शब्द खोडणार आहे का? रिकाम्या जागेचा पुरावा होत नाही. बोलायला माणूस लागतो.”

बाईंनी खाली मान घातली. मग म्हणाल्या, “उद्या घरी ये. तो माझ्याचकडे असतो. तू विचार. मला विचारता येत नाही.”

रविवारी सकाळी मी गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरचं दार सताड उघडं होतं आणि त्याला पायाशी वीट लावलेली होती. आत गेल्यावर जरा वेळाने लक्षात आलं, की आतल्या एकाही चौकटीला दार नव्हतं. बिजागऱ्या जागच्या जागी होत्या, दारं काढलेली. भिंतीतल्या कपाटांची तीच गत. ताटंवाट्या, कपडे, औषधं सगळं उघड्यावर. न्हाणीला पडदा. फ्रिज नव्हता. बाई म्हणाल्या, “त्याला बंद झालेलं चालत नाही.” जणू पाहुण्याला एखादं पथ्य सांगावं.

भाऊ टेबलाशी बसला होता. पन्नाशी उलटलेला, नीट दाढी केलेला, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. हसला, बसा म्हणाला. चहा झाला. हवापाण्याच्या चार गोष्टी झाल्या. माणूस मला आवडला, हेही सांगायला हवं. मग मी पर्समधून मूळ जबाब काढला आणि साहेबांचा प्रश्न साहेबांच्याच शब्दांत वाचला: “दार लावण्यापूर्वी आत कोणी आहे का, हे तुम्ही पाहिलं होतं का?”

“हो,” तो म्हणाला. “पाहिलं होतं...”

आणि गप्प झाला. बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांचा अंगठा टेबलावर सुरू झाला, एका लयीत. ठक. ठक. ठक. मी भावाच्या तोंडाकडे बघत होते. त्याचा रंग उतरत गेला आणि ओठ हलू लागले. आधी मला वाटलं, शब्द जुळवतोय. मग नीट पाहिलं. तो मोजत होता.

बाईंना यातलं काही दिसत नव्हतं. त्या भावाकडे डोळ्यांत प्राण आणून बघत होत्या आणि अंगठा आपलं काम करत होता. बारा, तेरा. मला ते सोसेना. मी हात टाकला आणि बाईंचा अंगठा टेबलाशी दाबून धरला. बाई दचकल्या. अंगठा माझ्या तळव्याखाली धडपडत होता, त्याला बाईंपेक्षा जास्त जोर होता.

घरात चिडीचूप झालं.

“थांबलं?” भावाने विचारलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, उघड्या चौकटींमधून पलीकडच्या खोल्यांत पाहिलं. “ताई, थांबलं का गं?”

“काय थांबलं?” बाई म्हणाल्या.

मग तो बोलला. भराभर, खाली बघून. “तो मला सांगून गेला होता. पोती उचलायचा आकडा आत राहिलाय, घेऊन आलोच, म्हणाला. मी कोणाशी तरी बोलत होतो. विसरलो. नंतर दारातून आत पाहिलं, कोणी दिसलं नाही, दार लावलं. पाहिलं होतं, ते खोटं नाही. कुलूप घातलं, आणि आतून ठोके आले. ठक, ठक, ठक. घाईचे नव्हते, सावकाश. मी म्हटलं, पाईप वाजतोय. थंडीने पाईप वाजतात. दार परत उघडायचं तर मुकादमाला बोलवावं लागायचं, तो शिव्या द्यायचा. मी कानाला रुमाल गुंडाळला आणि घरी आलो.”

बाई त्याच्याकडे झुकल्या.

“चौकशीत सगळं सांगायचं ठरवून आलो होतो, ताई. ‘पाहिलं होतं, पण’, एवढं तोंडात आलं होतं. ‘होतं’ म्हटलं, जरा श्वास घेतला, आणि तू सुरू केलंस. अगदी तसंच. त्याच चालीने. मला वाटलं, तो तिथंही आलाय. म्हटलं, हे थांबू दे, मग बोलतो. ते थांबेचना. अडतीस झाले आणि साहेब म्हणाले, द्या पूर्णविराम, पुढचा बोलवा.”

“अरे, मी तर तू बोलायची वाट बघत होते,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी ओळखला नसता. “तू बोलला असतास की मी थांबणारच होते!”

“आणि मी तू थांबायची.”

“इतकी वर्षं का नाही बोललास?”

“रोज जेवताना समोर बसतेस,” तो म्हणाला. “मी तोंड उघडायला गेलो की तू सुरू करतेस.”

बाईंनी डोळे मिटले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचं गप्प बसणं इमानाने मोजलं, आणि ज्या एका माणसाचं बोलणं त्यांना हवं होतं, त्याचा गळा त्यांच्याच अंगठ्याने दाबला होता. मला त्यांची इतकी दया आली, की मी दुसरीकडे पाहू लागले. पण दुसरीकडे सगळ्या चौकटी उघड्याच होत्या.

“लिहून घ्या,” भाऊ मला म्हणाला. “मी सही करतो. उद्या कचेरीत येऊन परत सांगतो. पण आत्ता लिहून घ्या.”

मी पेन काढायला हात उचलू लागले, तोच बाईंनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. “काढू नकोस गं हात,” त्या म्हणाल्या. “ते माझ्या ताब्यात नाही. तू सोडलंस की सुरू होईल आणि हा परत गप्प बसेल.”

म्हणून मी एका हाताने लिहिलं. कागद सरकत होता, तो त्या भावानेच कोपऱ्यात बोट ठेवून धरला. अक्षर वेडंवाकडं आलं. तळव्याखाली अंगठा सारखा उसळत होता, आणि भाऊ सांगत होता तोवर मी तो जीव खाऊन दाबून धरला होता. शेवटी त्याने सही केली, तारीख घातली आणि ढसाढसा रडला. बाई रडल्या नाहीत. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

सोमवारी शिक्षिका वेळेवर आली. जुना जबाब आणि नवा, दोन्ही मी तिच्यापुढे ठेवले. बसा म्हटलं तरी ती बसली नाही, उभ्यानेच वाचू लागली. भाऊ बाहेर बाकावर बसला होता, साहेबांनी आत बोलवायची वाट बघत. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांचा उजवा हात त्यांनी आपणहून माझ्या हातात दिला होता.

वाचता वाचता ती मधल्याच एका ओळीवर थांबली. पुढचं तिने वाचलंच नाही. बोट त्या ओळीवर ठेवून तिने मान वर केली.

“सांगून गेले होते,” ती म्हणाली. “बाबा सांगून गेले होते.”

मग ती काही बोलेना. माझ्या मुठीत अंगठा हलला. मी तो घट्ट धरून ठेवला, आणि ती पुन्हा बोलेपर्यंत आम्ही तिघी तशाच उभ्या राहिलो.